चौदावी ओळ

शुक्रवार, २७ नोव्हेंबर २०२०

नऊ शाळांची यादी अखेर एका फाइलमध्ये आली. नववी-दहावी मिळून १,१३८ नावं. सात डिसेंबरला संस्थेच्या शाळा उघडणार, त्याही अर्ध्याच. अ गट रोज येणार, ब गट एक दिवसाआड, क गट घरूनच, फोनवर. प्रत्येक नावापुढे एक मोबाइल नंबर. दहावीचे बोर्डाचे फॉर्मही मुख्य कार्यालयातून याच यादीवरून भरायचे आहेत. म्हणून यादी स्वच्छ हवी.

धडगावच्या वर, डोंगरात आमची एक शाळा आहे. तिथल्या दहावीत चौदा नावं. चौदाही नावांपुढे एकच नंबर! शेवट ४४७१.

लावून पाहिला. एका मुलीने उचलला. मागे कोंबड्यांचा आवाज.

"हा नंबर कोणाचा?"

"सगळ्यांचा."

"तुझं नाव काय?"

रेंज गेली.

सगळ्यांचा — म्हणजे कोणाचाच नाही. पट फुगवायची जुनी युक्ती, दुसरं काय! ११.४० वाजता नंबरच्या रकान्यावरून दुहेरी नोंदी काढायची कमांड दिली. पहिली ओळ राहिली, खालच्या तेरा गेल्या. जुनी प्रत ठेवली नाही. चुकीची यादी कशाला जपायची?

अध्यक्ष जवरीलालजी खूश. सगळे त्यांना शेठजी म्हणतात. बाबांचे बाजारातले स्नेही; लॉकडाउनमध्ये माझी पुण्याची नोकरी गेली तेव्हा त्यांनीच इथे बसवलं. "बेटा फाल्गुनी, इंजिनियर ठेवायचा हा फायदा! माणूस दयामाया करत बसतो. मशीन नाही करत."

मशीन मी चालवते, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

सोमवार, ३० नोव्हेंबर

धाकटी रिंकू यंदा दहावीत. लॅपटॉप, टॅब, स्वतंत्र खोली. आज भूगोलाच्या तासाला कॅमेरा बंद करून केसांना मेंदी लावत होती. हजेरी: उपस्थित.

सोमवार, ७ डिसेंबर

शाळा उघडल्या. दारात ताप बघायचं यंत्र, एका बाकावर एक जण. दुपारी दोनपर्यंत नऊ शाळांचे आकडे आले. एकूण उपस्थिती ३८ टक्के. डोंगरातली शाळा, दहावी: यादीत एक, हजर एक. शंभर टक्के.

मंगळवार, १५ डिसेंबर

भिलाभाऊ शिपाई आत आले. "ताई, डोंगरवरना मास्तर ईसन बठेल शे. सकायपाईन. च्या बी नको म्हने."

धनसिंग सर. पन्नाशीचे. मास्क धुऊन धुऊन विरलेला. पिशवीतून हजेरीपट काढून माझ्या टेबलावर ठेवला आणि बोट ओळींवरून खाली नेलं. "एक ते चौदा. सगळी जिवंत आहेत, मॅडम."

मग सांगितलं. त्यांच्या पाड्यावर रेंज फक्त एका टेकाडावर. टेकाडावर नानीबाईचं घर. चालणारा फोनही तिच्याच घरात. जूनपासून चौदाही मुलं तिथे जमत होती. फोन रिकाम्या घागरीत ठेवायचा — आवाज मोठा येतो, मागच्यांनाही ऐकू जातो. नानीबाईची मुलगी रेमती फोन सांभाळते. धडे तीच उतरवून घेते, सगळ्यांच्या वह्यांचे फोटो तीच पाठवते. हजेरीत चौदावी.

आमच्या हजेरीत मुलं आधी, मुली नंतर. मी पहिली ओळ ठेवली. फोन जिचा, तिचंच नाव गेलं.

"सात तारखेला मी यादी वाचली. एकच नाव. बाकीचे दारात उभे. घरच्यांनी विचारलं, नाव नाही तर थांबायचं कशाला? आठ तारखेला मुकादमाची गाडी आली. पाच घरं गेली गुजरातला, कापूस वेचायला. पोरं घेऊन. रेमतीचंही घर गेलं, फोनही गेला."

मी हजेरीपट मिटला.

"यादी कोणी केली, मॅडम?"

"सिस्टीमने."

त्यांनी मान हलवली. "मग त्या सिस्टीमला एकदा वर घेऊन या. जीपमध्ये जागा करू."

ते हसले नाहीत. मीही नाही.

सिस्टीमने कमांड दिली नव्हती. ११.४० वाजता ती मी दिली होती.

मंगळवार, २२ डिसेंबर

शेठजींचा तोडगा: पडताळणी. आधार कार्ड घेऊन जो समोर उभा राहील, त्याचं नाव परत. धनसिंग सरांनी आठवडाभर फोन करकरून गुजरातेतून चार घरं माघारी आणवली. आज दोन जीप भरून खाली आले. मुलं जिन्यात अंतर ठेवून बसली, एकमेकांकडे बघून हसत. मोजली. यादीतला धरून तेरा.

रेमती नाही. तिचं घर सगळ्यात लांब, अमरेलीकडे. मुकादम सोडत नाही.

"शेठजी, ती फोनवर आहे. क गटात घेता येईल," मी म्हणाले.

"बेटा, जो दिसत नाही तो नाही. बोर्डाला काय सांगू, फोनवर बघितली म्हणून?"

मग क गट कोणासाठी काढला होता? न दिसणाऱ्यांसाठीच ना!

एक वाट आहे. 'हे नाव कार्यालयाच्या चुकीने वगळलं गेलं' असं पत्र, चूक करणाऱ्याच्या सहीने, पुराव्यासह. ते आलं तर तिचा फॉर्म भरता येतो. नाही आलं तर चूक शाळेची. धनसिंग सरांना मेमो गेला आहे — खोटे नंबर दिल्याबद्दल.

पुरावा! जुनी प्रत मीच ठेवली नाही.

बुधवार, २३ डिसेंबर

४४७१ लावला. तोच आवाज.

"रेमती? संस्थेच्या ऑफिसमधून बोलतेय."

"शाळा सुरू झाली ना, मॅडम? इथे रेंज चांगली आहे. घागरपण लागत नाही. तुम्ही क्लास लावा, मी इथून करते."

"अभ्यास पाठवीन."

"सगळ्यांचा पाठवा. मी मोठ्याने वाचत होते ना, म्हणून बाकीच्यांना पाठ झालंय. माझं राहिलंय." मग थांबून, "माझं नाव आहे ना?"

"बघते," म्हणाले.

सोमवार, ४ जानेवारी २०२१

गणिताची चाचणी पाठवली होती. फोटो आले. अकरा पानं, अक्षर सरळ. एका पानाच्या कडेला कापसाचा तंतू चिकटलेला, तोही फोटोत आला आहे. दोन चुका. दोन्ही घाईच्या. रीत कुठेच चुकलेली नाही.

धनसिंग सरांना फोटो पुढे पाठवले. त्यांचं उत्तर: "माहीत होतं."

मंगळवार, १९ जानेवारी

पत्र टाइप केलं. पुसलं.

पुण्याच्या कंपनीची मुलाखत सत्तावीसला, ऑनलाइन. शेठजींनी अनुभवाचं प्रमाणपत्र दिलं. 'एकही चूक न करता' हे शब्द त्यांनी स्वतः सांगून घातले. सही करताना म्हणाले, "तुझे पप्पा वाचतील तर छाती फुगेल." त्याच टेबलावर हे पत्र कसं ठेवायचं?

शुक्रवार, २२ जानेवारी

पुन्हा टाइप केलं. प्रिंटही काढली. ड्रॉवरमध्ये आहे.

धनसिंग सरांचा फोन आला. मेमोचं विचारायला नव्हे. "मॅडम, फॉर्मची मुदत सोमवारी संपते. सिस्टीम काही म्हणाली का?"

सोमवार, २५ जानेवारी

मुदत संपली. पत्र ड्रॉवरमध्येच.

तर्क असा: चार महिने कापूस वेचून मुलगी बोर्डाला बसली असती तर नापास झाली असती. नापासाचा शिक्का बसण्यापेक्षा पुढच्या वर्षी नीट बसलेली बरी. तिच्याच हिताचं. तर्कात खोट नाही. तीनदा तपासला.

बरोबर उत्तर मी कधी तीनदा तपासत नाही.

गुरुवार, १८ मार्च

रुग्ण वाढले. शाळा परत बंद. अ, ब, क — आता सगळेच क.

मंगळवार, २० एप्रिल

दहावीची परीक्षा रद्द! निकाल वर्षभराच्या कामावर, शाळाच गुण देणार. म्हणजे सगळे पास. ज्यांचा फॉर्म भरलाय, ते सगळे.

रिंकू घरभर नाचली. आई मला म्हणाली, "तू का अशी पडेल तोंडाने बसलीस? तुझी थोडीच परीक्षा होती!"

रेमतीने डिसेंबरपासून एकही चाचणी चुकवलेली नाही. सगळी माझ्या फोनमध्ये आहे, तारखेनिशी. गुण देता येतील इतकं काम आहे. गुण भरायला ओळ नाही.

माझा सगळा तर्क परीक्षेवर उभा होता. परीक्षाच गेली.

गुरुवार, ६ मे

धनसिंग सर बारा दिवस ऑक्सिजनवर होते. आज घरी गेले. भिलाभाऊंनी सांगितलं. शेठजी म्हणाले, "बरं झालं. मेमोचं उत्तर बाकी आहे त्यांचं."

माझी पुण्याची नोकरी पक्की झाली. दोन ऑगस्टपासून. बाबांनी मिठाई वाटली. मी खाल्ली.

शुक्रवार, १६ जुलै

निकाल लागला. डोंगरातली शाळा: नोंदणी तेरा, उत्तीर्ण तेरा. शंभर टक्के. रिंकूला ९३.

ऑफिसात पेढे. शेठजींनी सर्वांसमोर माझ्याकडे बोट केलं. "हिने यादी साफ केली म्हणून आज हा आकडा दिसतो." टाळ्या वाजल्या. मी पेढा घेतला नाही. एक पेढा भिलाभाऊंनी कागदात बांधून माझ्या टेबलावर ठेवला. "घर खाई ल्या ताई, आठे तर तुमनी हातबी लायना नही."

रेमती नापास नाही. गैरहजरही नाही. या देशात अशी एक मुलगी दहावीत होती, असं सांगणारी एकही ओळ माझ्या फाइलमध्ये नाही.

शनिवार, १७ जुलै

सकाळी दहाला फोन वाजला. ४४७१. पाड्यावर परत आली आहे. मागे कोंबड्या.

"मॅडम, परीक्षा नव्हतीच ना यंदा? सगळे पास म्हणतात. मग मीपण ना?"

रेंज जाईल म्हणून मी वाट पाहिली. गेली नाही.

सोमवार, १९ जुलै

अडीच ओळींचं पत्र. सही केली. चूक कोणाची, ते पहिल्याच ओळीत आहे. शेठजी पुरावा मागणार. २७ नोव्हेंबर, ११.४० हे एकाच ठिकाणी लिहिलेलं आहे — इथे. ते पान फाडून लावलं तर म्हणतील, नंतर लिहिलं. म्हणून अख्खी वहीच जोडते आहे. भिलाभाऊ आवकचा शिक्का घेऊन उभे आहेत.