आत्याच्या छातीतलं प्लुटोनियम

६ फेब्रुवारी १९७५

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या बाबांनी मी तलावात बुडाले असं कळवलं असेल. दादाला वाढवून सांगायची खोडच आहे. मी बुडाले नाही, काठावर बसले आणि आडवी झाले, इतकंच. उथळ पाण्यात माझ्या पोहण्याच्या वर्गातल्या मुली पाय मारत होत्या, त्यांनीच आरडाओरडा केला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय मध्येच ठोका गाळतं, छातीत यंत्र बसवावं लागेल. साधं बसवलं तर दर दोन वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा चिरफाड. नवं निघालंय ते जन्मभर चालतं, पण ते प्लुटोनियमवर. मी पुन्हा विचारून घेतलं. तेच ते, ज्याच्या कारखान्याविरुद्ध तू पुढच्या महिन्यात जनसुनावणीत बोलणार आहेस.

सुनावणी होईपर्यंत पोरीला यंत्राचं सांगू नकोस, असं दादाने बजावलंय. पण रसायन तू शिकवतेस, दादा नाही. बसवू का? भीड न ठेवता सांग.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी आत्या

११ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र प्रयोगशाळेच्या जिन्यात उभ्याउभ्या वाचलं आणि तशीच निघाले. दोन डॉक्टरांना विचारून आले. बसव.

तुझ्या यंत्रातलं प्लुटोनियम वेगळ्या जातीचं असतं. ते नुसतं गरम राहतं आणि त्या उबेवर यंत्र चालतं. बॉम्बच्या कामाचं नाही. धातूच्या डबीत पक्कं बंद असतं. पण तयार होतं अणुभट्टीतच, वेगळं काढावं लागतं तसल्याच कारखान्यात. ते तुझ्यापासून लपवणार नाही.

सुनावणीत बोलणार नाही, असं कारखान्याला विरोध करणाऱ्या आमच्या समितीला कळवलंय. तुझ्यासाठी ते हवं म्हणायचं आणि लोकांसमोर नको म्हणायचं, हे कुठल्या तोंडाने करू? बाबांना रागावू नकोस.

माया आहे तशीच राहू दे.
तुझी भिंगरी

२३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

यंत्र बसलं. गळपट्टीच्या हाडाखाली उंचवटा आलाय, खिशात काडेपेटी ठेवावी तसा. दादा कान लावून ऐकायला बघतो. त्याला म्हटलं, रेडिओ नाही तो.

तुला गप्प बसायला कुणी सांगितलं? माझ्या नावावर हे खपवू नकोस. मुलांची पाण्याची भीती मोडणं हेच माझं काम, तरी खोल भाग अडवणारी दोरी मी कधी काढली नाही. पाणी वाईट म्हणून दोरी नसते, बाई. समितीला पुन्हा कळव आणि जा. मला प्रवासाची बंदी आहे, नाहीतर पहिल्या रांगेत येऊन बसले असते.

राग आलाय, पण आशीर्वाद पूर्ण आहेत.
तुझी आत्या

१६ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बोलले. आधी कारखान्याच्या बाजूचे इंजिनिअर उठले. माणूस सज्जन. म्हणाले, वापरलेल्या अणुइंधनातून प्लुटोनियम वेगळं काढलं तर त्यावरच पुढे वीज करता येईल, कोळशाचा धूर वाचेल. मग त्यांनी हृदयाच्या रुग्णांची गोष्ट काढली आणि मला विचारलं, त्यांना नाही म्हणाल का?

मी सांगितलं, माझ्या आत्याच्या छातीत ते आहे आणि बसव असं मीच म्हणाले. मग म्हटलं, तिच्या चिमूटभरासाठी मी कुणाच्याही पाया पडेन. पण इथे ढीग साठणार आहे, तोही बॉम्ब होऊ शकणाऱ्या जातीचा. हजारो वर्षं तो राखायचा आणि त्यातला मूठभर हरवला तर जाब कोणाला विचारायचा? बाहेर आल्यावर इंजिनिअर तुझी तब्येत विचारायला थांबले.

कारखान्याचा निर्णय लांबणीवर पडलाय. जिंकले असं म्हणवत नाही. दोन्हीकडे खरं होतं.

रागाचं काय झालं ते कळव.
तुझी भिंगरी

२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

राग कधीच गेला. तुझं पत्र मी तलावावरच्या सगळ्यांना वाचून दाखवलं. कालपासून कमरेइतक्या पाण्यात उतरते.

एक काम आहे. हॉस्पिटलने कार्ड दिलंय. मी गेले की यंत्र आधी काढून बनवणाऱ्यांकडे परत पोचवायचं, माझ्यामागेही ते गरमच राहणार म्हणे. त्यासाठी घरचा एक माणूस लागतो. दादाला दाखवलं तर तो उठून अंगणात गेला. म्हणून तुझं नाव घातलंय. हजार वर्षांचं मला सांगता येत नाही, पण माझ्या चिमूटभराचा जाब तुला विचारतील. चालेल ना?

न विचारता नाव घातल्याची माफी असावी.
तुझी आत्या

७ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

चालेल. सही करून कार्ड सोबत पाठवते आहे.

बाबांना काही म्हणू नकोस, मीही कार्ड घेऊन बराच वेळ खिडकीशी उभी होते. सुट्टी लागली की येते. या वेळी मला खोल भागात ने. इतकी वर्षं पाण्यात मी तुझा हात सोडलेला नाही आणि आताही सोडायची घाई नाही.

तुझीच,
भिंगरी