निळा ठिपका

९ मार्च, हिंगोली
आज रुजू झाले. टेक्निशियनची पहिली नोकरी, नवंकोरं स्कॅन सेंटर, राहायला हवेशीर खोली, खिडकीतून बाजारातल्या हळदीचा वास. नांदेडला भावाला फोन करून सगळं सांगितलं. इथल्या डॉक्टर, संध्या मॅडम, म्हातारपणातल्या विसराळूपणाचा अभ्यास करतात. मेंदूच्या देठात निळसर पेशींचा इवलासा ठिपका असतो म्हणे. माणसाची सावधगिरी, लक्ष, आठवण त्याच्या जिवावर. उतारवयात तो विझत जातो. तुलनेला तरुण मेंदू हवा म्हणून माझंही स्कॅन झालं. माझा ठिपका लख्ख. मॅडम म्हणाल्या, प्रियदर्शनी, शंभरी गाठशील.

१३ मार्च
औंढ्याकडच्या एका खेड्यातून जळबा आपल्या आईला घेऊन आला. रूपाबाई ऐंशीच्या पुढच्या, लेकाचं नावही विसरलेल्या. ठिपका जवळपास नाहीच. मशीनच्या आवाजाला भ्यायल्या, म्हणून मशीन मॅडमनी चालवलं आणि मी आत थांबून रूपाबाईंचा हात धरला. नंतर सोडवता सोडवेना.

२० मार्च
रूपाबाईंनी आज जळबाला नावानं हाक मारली. तो ढसाढसा रडला. ठिपका उजळलाय. असं कधी होत नसतं, मॅडम म्हणाल्या. आता दर आठवड्याला स्कॅन. हात मीच धरायचा, दुसऱ्या कुणाला त्या शिवू देत नाहीत.
येताना माझ्याच खोलीचा रस्ता चुकले.

२७ मार्च
रूपाबाई हळूच म्हणाल्या, "लहानपणी हिरीत पडली व्हतीस न्हाई का गं? लाल फराक व्हता अंगात."
मी हसून नाही म्हटलं. भावाला विचारलं. तो म्हणाला, पडली होतीस की विहिरीत, सगळा वाडा गोळा झाला होता.
मला काहीच आठवत नाही.

१ एप्रिल
हट्टानं माझं पुन्हा स्कॅन करवलं. ठिपका फिका. मॅडम मशीनला दोष देत राहिल्या, माझ्याकडे मात्र बघेनात. यापुढे हात धरणार नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, जळबाचा तरी विचार कर.

३ एप्रिल
मी हात धरला नाही. रूपाबाईनंच माझा धरला. "काहून भेऊन राहिलीस, लेकरा? तुझं समदं माझ्यापाशी बराबर हाय."

एप्रिल
नोकरी सोडली. बॅग भरली — जायचं कुठं? भावाकडे. गाव — त्याचं गाव

दुपार
दार वाजतंय. जळबा म्हणतो, आईला तुमच्याबिगर करमत न्हाई. तीही आहे बाहेर. मला घरातल्या नावानं हाक मारतेय — ते नाव माझं वाटत नाही, तरी पाय उठले — आवाज आईचाच —
नाही. आई वेगळी. आईचं नाव लिहून ठेवते आधी, तेवढं तरी — आईचं नाव