तुझ्या हातची एक रेघ

तीर्थरूप ताईस,

गुडघे परवानगी देतील तितका साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. तुझ्या अर्धांगवायूच्या झटक्यानंतर तू उजव्या हाताने रोज रबरी चेंडू दाबायचा आणि मी धूम्रपानातून संन्यास घ्यायचा, हा आपला करार मी पाळतो आहे. खालचा शिंपी म्हणतो, "मास्तर, बिघडायला सोबत नाही, म्हणून सुधारलात!" खोटे नाही. खोलीत बोलायला किटली तेवढी आहे, आणि तीही तापल्याशिवाय बोलत नाही. थेट तुझ्यावर गेली आहे.

पण तुझे मागचे पत्र भावोजींच्या अक्षरात आले. 'प्रकृती उत्तम' हे त्यांनी इतके वळणदार लिहिले आहे की माझा विश्वासच बसेना. चेंडू दाबतेस ना? की कंटाळून कपाटावर टाकलास?

सोबत माझा पत्ता घातलेले कोरे कार्ड आहे. मजकूर नको. स्वतःच्या हाताने एक रेघ ओढून पाठव, वाकडी चालेल.

काल मी सिगारेटचे पाकीट विकत आणले. दाढीच्या सामानाशेजारी ठेवले आहे, अजून फोडलेले नाही. तुझी रेघ येईपर्यंत फोडणार नाही, आणि आली की तसेच फेकून देईन.

भावोजींना नमस्कार, आणि अक्षराबद्दल शाबासकी.

तुझा, अजून तरी शब्दाला जागणारा,
धाकटा