मागच्या खोलीची खिडकी

रत्नागिरी, ता. ११ फेब्रुवारी १९३१

ती. सौ. उमाताईस परशुरामचा नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. आई-अण्णा बरे आहेत. कलमांना मोहोर भरघोस आहे. मी कॉलेज मध्येच का सोडलं, हे तू पुन्हा विचारलंयस. प्राध्यापकाशी भांडलो, सोडलं. झालं!

कामाचं लिहितो. तू बाळंतपणाला येणार, म्हणून मागची बाळंतिणीची खोली मी ताब्यात घेतली आहे. भिंतींना चुना दिला. गादी उन्हात घातली तरी धुरकट वास जाईना, शेवटी जाळली. बाजेखालची शेगडी परसात नेऊन टाकली. खिडकीच्या फटींत कोंबलेल्या चिंध्या उपसल्या. माणूस निजतो तिथे हवा खेळायला हवी; कोंडलेल्या खोलीत निखाऱ्यांचा धूर विषासारखा चढतो, असं आमच्या वसतिगृहाचे डॉक्टर सांगत.

आई म्हणाली, "शहाणा झालास! ओल्या बाळंतिणीला वारा लागला म्हणजे निस्तरणार कोण, तू?"

मी ओरडलो, "मागची काय वाऱ्यानं गेली?"

तशी ती उठून चुलीकडे गेली.

मागची म्हणजे हेमा, शेजारच्या मास्तरांची मुलगी, माहेरी बाळंतपणाला आलेली. त्यांच्याकडे आडोशाची खोली नाही, म्हणून आईनंच आपली दिली होती. तुला कळवलं ते ताप येऊन गेली असं. ताप नव्हता, ताई. आश्विनात त्या बंद खोलीत, शेगडीच्या धुरानं, झोपेतच गेली. बाळ पडवीत आजीजवळ होतं म्हणून वाचलं. मी कॉलेज सोडलं तेही आश्विनातच.

खोली पारखायला मीच तिथे निजू लागलो. खिडकी सताड उघडी, मांडवी बंदराकडचा वारा थेट अंगावर. झोप तर अशी लागते की विचारू नकोस! पण सकाळी खिडकी बंद, फटींत चिंध्या. आईवर संशय घेतला, कडाकडा भांडलो, दाराला आतून कडी घातली. सकाळी कडी तशीच, नि खिडकी बंद. चिंध्या माझ्याच धोतराच्या.

काल आईनं दाराच्या फटीतून पाहिलं. चहा देताना म्हणाली, "परश्या, तूच उठतोस रे. तूच लावतोस खिडकी. नि कुणाला तरी म्हणतोस, लावतो हो, तू नीज."

मी म्हटलं, मला काही आठवत नाही.

आठवतं. हेमा भिंतीकडे तोंड करून असते. "वारा लागतोय," एवढंच म्हणते. तिचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आता ती काही मागते, तर नाही कसं म्हणू?

आज तिनं शेगडी मागितली. उठलो तेव्हा परसातली शेगडी बाजेखाली होती. राख अजून ऊन होती.

तू ये, ताई. खोली चांगली आहे, हवेशीर आहे. फक्त तेव्हा या घरात मी असता कामा नये. उद्याच्या बोटीनं दाभोळला मामाकडे जातो. तू बाळाला घेऊन सासरी परतेपर्यंत इकडे येणार नाही. अण्णांना सांगितलं, आईलाही सांगितलं.

तिला अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
परशुराम