दातापुरता सांगितलेला नियम

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. हे पत्र सूनबाईच्या हाती तुझ्या औषधांच्या दुकानात पाठवीत आहे. तुझ्या वहिनीला रुग्णालयात आणून आज तिसरा दिवस. लघवीच्या जंतुसंसर्गाने आलेला ताप पहिल्या औषधाला दाद देत नाही. हे जंतू रक्तातून तिच्या हृदयातील कृत्रिम झडपेवर जाऊन बसले, तर मात्र कठीण आहे, असे डॉक्टरबाईंनी आडपडदा न ठेवता सांगितले. कोणते औषध लागू पडेल याचा अहवाल परवा येणार. तोवर अंदाजानेच निवड करायची.

खरे सांगतो, या बाईंवर माझा विश्वास बसत नव्हता. गेल्या वर्षभरात आजींनी कोणकोणती अँटिबायोटिक घेतली, हा एकच प्रश्न त्यांनी मला तीनदा विचारला, आणि मी तीनदा तो टाळला. तिसऱ्या वेळी तर कागदावर पेन टेकवून उभ्या राहिल्या, आणि 'आजोबा, आठवून सांगा हं' म्हणाल्या. उद्या काही विपरीत घडले तर दोष आपल्या माथी मारण्याची ही तजवीज, असे माझ्या मनाने घेतले. परिचारिका सूनबाईशी हळू आवाजात बोलत होती, ती मला पाहताच गप्प झाली. तेव्हापासून सूनबाईकडेही मी तिरप्या नजरेने पाहू लागलो. घरी औषधांचा डबा उघडून 'बाबा, आईंना या कसल्या गोळ्या देता?' असे तिनेच एकदा विचारले होते, आणि मी तिला उडवून लावले होते.

याचे मूळ दोन वर्षांमागे आहे. तुझ्या वहिनीची दाढ काढायची होती. दंतवैद्यांनी सांगितले, झडप कृत्रिम आहे, म्हणून तासभर आधी अँटिबायोटिकची एक मात्रा घ्यायची. दाढ काढताना तोंडातले जंतू रक्तात शिरतात, ते आधीच मारायचे. एक मात्रा, एकदाच. नियम मला पटला. नको तितका पटला. जन्मभर मीमांसा वाचली आहे मी. एका कर्माला सांगितलेला विधी दुसऱ्या कर्माला लावणे, यालाच आपण अतिदेश म्हणतो. दाढेला जे संरक्षण, ते प्रवासाला का नको? लग्नघरच्या गर्दीला का नको? शेजारची मुले खोकू लागली की का नको? मात्र अतिदेशालाही प्रमाण लागते, हे शिष्यांना बजावणारा मी, स्वतःच्या घरात ते सोयीस्करपणे विसरलो, आणि अशा प्रत्येक वेळी तिला गोळी देत गेलो.

पुढे पोटाच्या दुर्बिणीच्या तपासणीआधी तिथल्या डॉक्टरांनी मात्रा द्यायला नकार दिला. दाताला हवी आणि पोटाला नको, हा कोणता न्याय? हयगय करतात, म्हाताऱ्या माणसाची किंमत नाही, असा संशय घेऊन मी घरीच गोळी दिली. ती हसून म्हणाली, 'तुमचं शास्त्र माझ्या घशात अडकतंय, जरा पाणी द्या.' तिला जुलाब लागले, तेव्हाही मी बाहेरच्या पाण्यालाच बोल लावला.

गोळ्या तू पाठवीत होतास. 'दादा, चिठ्ठी आहे ना?' एवढे एकदाच विचारलेस. मी 'आहे' म्हणालो. ती दाढेच्या वेळची होती. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या तुझ्या दादावर तूही थोडा घ्यायला हवा होतास.

आज सकाळी डॉक्टरबाई खाटेशेजारी स्टूल ओढून बसल्या. गरज नसताना घेतलेल्या औषधाने पोटातले उपकारक जंतू मरतात, चिवट तेवढे उरून वाढतात, आणि मग खऱ्या दुखण्यात तेच औषध वाया जाते, असे त्यांनी समजावले. दाढेची ती एक मात्रा अगदी योग्य होती, तिथे लाभ मोठा आणि धोका लहान, हेही आवर्जून सांगितले. त्यांच्या बोलण्यात मी डाव शोधत होतो. तो सापडला नाही. आधी काय दिले होते ते कळले, तर ते टाळून दुसरे औषध आजच सुरू करता येईल, एवढ्यासाठीच त्या विचारत होत्या.

तरीही चौथ्यांदा विचारल्यावर शरमेने चूक कबूल करवेना, आणि मी म्हणालो, 'दाढेच्या वेळची सोडून एकही नाही.' धाकट्या, मी हे तिच्यासमोर बोललो. डॉक्टरबाईंनी तिच्याकडे पाहिले. अंग तापाने फणफणत असताना, माझ्याच हातून गिळलेली एकूण एक गोळी ठाऊक असताना, माझा शब्द खाली पडू नये म्हणून तिने उशीवरची मान हलवली आणि म्हणाली, 'हे म्हणतात ते बरोबर आहे.' तिच्या कानावर जाईल असे फोनवर बोलायचे धैर्य मला झाले नाही, म्हणून हे पत्र. दोन वर्षांत कोणती औषधे, कोणत्या महिन्यात पाठवलीस, ते सारे लिहून सूनबाईबरोबर लगेच पाठव. मला नावे आठवत नाहीत. मी खोटे बोललो, एवढे मात्र तुझे उत्तर येण्याची वाट न पाहता आत्ताच डॉक्टरबाईंना सांगायला निघालो आहे.

तुझाच,
थोरला