धडा नववा: रिगल

१० ऑक्टोबर
क्लासच्या संचालिका मो बाईंनी बोलावलं. म्हणाल्या, योम सर, सतराला पालक मागे बसून तुमचा तास बघणार. आवडला तर ठीक, नाहीतर नोव्हेंबरपासून दुसरा माणूस बघते.
धडा नववा. क्रियापद रिगल. म्हणजे वळवळणे. बावीस वर्षं इंग्रजी शिकवतोय, रक्तात भिनलंय. डिक्शनरी चारदा बघितली, ती निव्वळ खात्रीसाठी.
निश्चय: तोंडाने सांगायचं नाही. करून दाखवायचं.

१२ ऑक्टोबर, सकाळी ६
फरशीवर पालथा पडून सराव. बायको म्हणाली, अहो, कपाटाखाली काय गेलं? दुर्लक्ष केलं.
६.२०. कंबर धरली. दुखण्यावरची औषधी पट्टी चिकटवली. मोठ्या कामात असं व्हायचंच.

१४ ऑक्टोबर
नवी कल्पना, आधीपेक्षा सरस! बाजारातून चिखलातले जिवंत मासे आणले. अर्धा किलो. बादलीत काय वळवळतायत! पालक तोंडात बोटं घालतील.
शेहेचाळिसाव्या वर्षी मला दुसरीकडे कोण घेणार? असले विचार करायचे नाहीत. निश्चय.

१६ ऑक्टोबर
घात झाला. सासूबाई गावाहून आल्या. बादली बघितली. या माशांच्या ऐन हंगामात जावयाने ते आणले म्हणजे त्यांचं सूपच हवंय, असं धरून साफ करायला वर मूठभर मीठ ओतलं. मीठ पडल्यावर मासे कसे तडफडले ते सांगताना खांदे, मान, कंबर, सगळं हललं त्यांचं. इतकं नेमकं रिगल मी जन्मात पाहिलं नाही.
सासूबाई वाढत असताना नको म्हणायची सोय नसते. दोन वाडगे खाल्ले. खा हो जावईबापू, किती वाळलात, म्हणत तिसरा भरला. चव उत्तम होती, हे लिहायला लाज वाटते.
बाजार बंद. उद्या स्वतःच वळवळणार. कंबर जवळजवळ बरी आहे.

१७ ऑक्टोबर
सुटाबुटात पालकांसमोर आडवा झालो. एकदा वळवळलो. कंबरेत कळ आली आणि जो अडकलो तो अडकलोच. हूं नाही की चूं नाही. मुलांना वाटलं, हाच धडा. सगळ्या वह्यांत एकच उतरलं: रिगल म्हणजे मेल्यासारखं निपचित पडणे. बोमी नावाची मुलगी विचारत होती, सर, किती वेळ पडायचं?
दोघा वडिलांनी उचलून खुर्चीत ठेवलं. तिथून मी सांगितलं की हा विरुद्धार्थी शब्द होता. कोणीही लिहून घेतलं नाही.

१९ ऑक्टोबर
मो बाई घरी आल्या! हातात नासपतींची पेटी, वर कापडात नीट बांधलेली. काढून टाकायच्या माणसाला कोणी एवढी भारी फळं देतं का? तासभर गोड बोलल्या. प्रकृतीला जपा म्हणाल्या. जाताना दोनदा वाकून नमस्कार केला.
बायकोला म्हटलं, बघितलंस? किंमत आहे माझी. ती म्हणाली, अहो, एक तारखेपासून नवा माणूस येतोय म्हणाल्या त्या, ऐकलं नाहीत का?
ऐकलं होतं.
तिने एक नासपती चिरून पुढे ठेवली. गोड निघाली. खाता खाता रडलो.