पिवळ्या चिठ्ठीवरचा सल्लागार

३ मार्च
आजपासून रोजनिशी. रोज चार ओळी, खाडा नाही. फक्त माझ्यासाठी. मंत्र्यांच्या सल्लागाराने दुसऱ्या कुणासाठी लिहायचंच नसतं. अकरा वर्षांत एकाही कागदावर माझी सही नाही. सल्ला पिवळ्या चिठ्ठीवर. चिठ्ठी फाइलला चिकटवून आत जाते, मंत्री वाचतात, ठरवतात, मग शिपाई चिठ्ठी काढतो. फाइल कोरी. कारभार असा चालतो.

९ मार्च
(पाच दिवस खाडा. कामं.)
सभागृहाच्या समितीचा ठराव. निवडून न आलेल्या सल्लागारांनीही जाहीर साक्ष द्यायची. टीव्हीसमोर. टाळलं तर पोलीस आणणार. निमित्त नदीवरच्या पुलाचं. दुरुस्ती दोन वर्षं लांबली, कठडा तुटला, एक पोस्टमन सायकलसकट खाली गेला. मंत्री म्हणाले, मी सल्ल्यानुसार वागलो. त्या फाइलवर माझी चिठ्ठी होती. ‘थांबता येईल.’
निर्धार : जायचं नाही. सल्ला गुप्त राहिला नाही तर उद्या खरं सांगेल कोण? हे तत्त्व आहे. भीती नव्हे.

१० मार्च
बायकोला तत्त्व समजावलं. ती शर्टाला बटण लावत होती. म्हणाली, पोस्टमनच्या बायकोने विचारायचं कुणाला मग? विषय तांत्रिक आहे, असं मी म्हटलं. तिने दोरा तोडला.

१४ मार्च
जायचंच. लपून बसणारा मी नव्हे. शिवाय थेट प्रक्षेपण आहे. रोज अर्धा तास सराव. आज बायको अध्यक्ष झाली. पहिलाच प्रश्न, तुम्ही नेमकं काय करता? प्रश्नाची पद्धत चुकीची होती. सराव थांबवला.

१९ मार्च
सराव नाही. घसा. मेहुण्याला फोन करून टीव्ही लावायला सांगितलं. पेपरात पोस्टमनचा फोटो. पेपर पालथा ठेवला. काहीच वाटलं नाही. थकवा असणार. एक वाक्य मात्र पाठ : ‘त्या सल्ल्याची जबाबदारी मी स्वीकारतो.’ आवाज छान लागतो.

२२ मार्च, सकाळी ११
समितीबाहेरचा बाक. नवा कोट, काखेत टोचतोय. माझ्याआधी आमचा शिपाई. बत्तीस वर्षं नोकरी, मे महिन्यात रिटायर. पाच मिनिटांत सुटेल. मग मी.

२२ मार्च, दुपारी २
बाहेर स्पीकर होता. सगळं ऐकू आलं. चिठ्ठ्या कधी काढता, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. तो म्हणाला, फाइल आत न्यायच्या आधी. मंत्रीसाहेबांना फाइलला चिकटवलेलं काही चालत नाही, पहिल्याच आठवड्यात ओरडले होते. बाईंनी विचारलं, म्हणजे सल्लागारांची एकही चिठ्ठी मंत्र्यांनी वाचली नाही? एकही नाही, बाई. पण टाकल्या नाहीत. खोक्यात जपून ठेवल्यात.
अकरा वर्षं.
नंतर क्लार्क बाहेर आला. तुमची गरज नाही म्हणाला. जबाबदारी स्वीकारायला आलोय, असं मी सांगितलं. त्याने विचारलं, कसली?

२३ मार्च
मेहुण्याचा फोन. टीव्हीवर दिसला नाहीत. पण बरं झालं, सुंठीवाचून खोकला गेला. बायकोही म्हणाली, तुमच्यामुळे तो पोस्टमन गेला नाही. हायसं वाटायला हवं. दुपारपर्यंत वाट पाहिली. वाटलं नाही. ‘थांबता येईल’ लिहिलं तर मीच होतं. पूल न पाहता. हे तिला सांगितलं नाही.

२४ मार्च
निर्धार : राजीनामा. सकाळी लिहिला. सवयीने हात पिवळ्या चिठ्ठीकडेच गेला. फाइलला लावून आत पाठवला. दिवसभर बोलावण्याची वाट पाहिली.
साडेपाचला शिपाई खोकं घेऊन आला. तुमचं सामान, साहेब, म्हणाला. अकरा वर्षांच्या चिठ्ठ्या, तारखेप्रमाणे लावलेल्या. सगळ्यात वर आजची.
उद्या दहाला मीटिंग आहे. वेळेवर जायचं.